निळं कापड घडी घालून ठेवा

विस्थापन आणि आश्रय या विषयावर संगीत-नृत्यनाट्यं बसवणाऱ्या दिग्दर्शक, नृत्यदिग्दर्शक आणि संगीतकार मंडळींना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

मी तालवादक आहे. विंगेच्या कडेला बसून ढोल, डफ, झांजा आणि तुम्ही ज्याला ‘टेक्स्चर’ म्हणता तो सगळा खडखडाट वाजवते. घर सुटलेल्या माणसांवरच्या सहा नाटकांना आजवर मी साथ केली. सहापैकी पाचांत निळं कापड होतं.

कुठलं कापड ते तुम्हाला सांगायला नको. या विंगेपासून त्या विंगेपर्यंत लांब. दोन्हीकडून धरून हलवलं की समुद्र होतो. माणसं त्यातून वाकत, हात वर करत, बुडत जातात. खाली सिंथेसायझरचा खर्ज, वर एक गायिका शब्दांवाचून आकार लावते, मी मॅलेटनं लय चढवत नेते आणि शेवटी एक मोठा आघात. ब्लॅकआउट. मग हळूहळू पिवळसर उजेड येतो. कापड जमिनीवर निपचित पडलेलं असतं. उरलेली माणसं एकमेकांच्या खांद्याला धरून पलीकडे पोचतात, गुडघे टेकतात, वर बघतात. आश्रय मिळाला. प्रेक्षक उभे राहतात. नमस्काराच्या रांगेत मीही असते, त्यामुळे त्या टाळ्यांतला माझा वाटा मी नाकारत नाही.

माझी तक्रार समुद्राबद्दल नाही. त्यानंतरच्या पिवळ्या उजेडाबद्दल आहे.

एका नाटकाच्या तालमीला दिग्दर्शकांनी एका बाईंना बोलावलं होतं. त्या स्वतः सीमा ओलांडून आलेल्या. कुठून, ते लिहीत नाही. त्यांना ते नको आहे. सोबत दुभाषी होती. आमचं पळण्याचं दृश्य चालू होतं: अकरा मिनिटं, बारा नर्तक, जीव तोडून. संपल्यावर सगळे धापा टाकत त्यांच्याकडे बघू लागले. त्या म्हणाल्या, छान. मग थोड्या वेळानं दुभाषीच्या कानात काहीतरी बोलल्या. दुभाषी जरा अवघडली आणि म्हणाली, “त्या म्हणतायत, यांच्या हातात काहीच कसं नाही?”

कुणीतरी विचारलं, तुमच्या हातात काय होतं? त्या बोलल्या नाहीत. उठल्या, तालमीच्या हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसल्या, आपल्या पिशवीचा बंद पायाच्या घोट्याभोवती दोनदा गुंडाळला, गुडघे छातीशी घेतले आणि डोळे मिटले. असं झोपायचं. पिशवी कुणी ओढली तर पाय ओढला जातो आणि जाग येते. एवढंच. मला वाटतं दहा-बारा सेकंद गेले असतील. इतक्या तालमी पाहिल्या, पण हॉल एवढा गप्प झालेला तेवढ्या एकाच वेळी पाहिला.

मला आणखी एक गोष्ट दिसली, ती बहुधा कुणाला दिसली नाही, कारण मोजायची खोड मलाच आहे. त्यांचा उजवा हात मधून मधून कमरेशी जायचा. तिथे स्वेटरच्या आत प्लास्टिकच्या पाकिटात कागद होते. हात जायचा, चाचपायचा, परत मांडीवर यायचा. मी मात्रा धरायचा प्रयत्न केला. जमेना. वीस मिनिटांनी लक्षात आलं की हॉलचं दार वाजलं की हात जातो. त्यांची सम दारावर होती. आम्ही ज्या माणसाची गोष्ट अकरा मिनिटं धावून सांगत होतो, तिचं शरीर अजून पोचलंच नव्हतं. पोचून चार वर्षं झाली होती.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. दिग्दर्शकांनी त्यांना सीमा कशी ओलांडली ते सांगायला सांगितलं. त्यांनी सांगितलं. फोनवर रेकॉर्ड करायचं राहून गेलं म्हणून पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि दुभाषीच्या तोंडून तरी शब्दन् शब्द तोच आला, थांबायच्या जागासुद्धा त्याच. आमच्यातल्या एकाला ते फार ‘काव्यात्म’ वाटलं. बाहेर आल्यावर दुभाषीनं मला सांगितलं, यात काव्य काही नाही. प्रत्येक कचेरीत ही हकीकत सांगावी लागते आणि दोन वेळच्या सांगण्यात फरक पडला तर खोटं बोलताय म्हणतात. म्हणून पाठ केलीय.

कमरेशी जाणारा हात मी दिग्दर्शकांना दाखवला, ही माझी चूक. त्यांना तो आवडला. सोळा काउंटमध्ये बसवून बारा नर्तकांना एकदम करायला दिला. बारा हात एका वेळी कमरेशी गेले आणि त्या हालचालीतला जीव गेला. बाईंना प्रयोगाचे दोन पास मिळाले. पत्रिकेत ‘विशेष आभार’मध्ये नाव टाकायचं ठरलं होतं, ते त्यांनीच नको म्हटलं.

आपल्या भाषेचाही यात थोडा हात आहे, असं मला वाटतं. ‘शरण’ या शब्दाला मराठीत दोन तोंडं आहेत. आसरा मागत येतो तो शरणार्थी, आणि लढाई हरून शस्त्र खाली ठेवतो तोही शरण येतो. शरणागती म्हणजे तर सरळ पराभव. हा शब्द कानात घेऊन तालमीला उभं राहिलं की शरीर आपोआप गुडघे टेकतं. ‘विस्थापित’ म्हटलं की कुणीतरी उचलून दुसरीकडे ठेवलेली वस्तू डोळ्यापुढे येते, आणि मग नर्तक अंग सैल सोडतात, एकमेकांना उचलून ठेवतात. ‘परागंदा’ या शब्दात तर थोडा गुन्ह्याचाही वास आहे. त्यातल्या त्यात मला ‘बिऱ्हाड’ हा शब्द प्रामाणिक वाटतो. त्यात सामान आहे, मांडामांड आहे, उद्या हलावं लागेल ही धाकधूक आहे, आणि आजचा दिवस काढायचा आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो आपण. पाठीवर काय आहे ते तरी त्यात कळतं. पुढचं नाटक ‘शरण’ऐवजी ‘बिऱ्हाड’ या शब्दावरून बसवायला घ्या, हालचाली बदलतात की नाही बघा.

थोडे आकडे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या मोजणीत २०२४ च्या अखेरीस जगात सक्तीनं घर सोडावं लागलेली माणसं १२ कोटी ३२ लाख होती. त्यांतली ७ कोटी ३५ लाख स्वतःच्याच देशाच्या हद्दीत होती. त्यांनी सीमा ओलांडलीच नाही. ज्यांनी ओलांडली, त्यांतली दोन-तृतीयांश माणसं शेजारच्याच देशात थांबली. म्हणजे बहुतेकांच्या गोष्टीत तुमचं निळं कापड येतच नाही. तिथे ट्रक असतो, पायवाट असते, नातलगाच्या घरातला एक कोपरा असतो, शाळेचा वर्ग असतो, पुढच्या गावातलं भाड्याचं घर असतं. सीमा न ओलांडणाऱ्याला तर कायद्याच्या भाषेत निर्वासितही म्हणत नाहीत. १९५१ चा निर्वासितांबाबतचा करार त्याला लागू होत नाही.

आणि वाट बघणं. एकाच देशातून आलेले २५ हजार किंवा त्याहून जास्त निर्वासित एखाद्या देशात पाच वर्षं किंवा जास्त काळ अडकून राहिले, की उच्चायुक्तालय त्याला ‘प्रदीर्घ’ स्थिती म्हणतं. जगातले साधारण दोन-तृतीयांश निर्वासित अशा स्थितीत आहेत. केनियातली दादाब ही निर्वासितांची छावणी १९९१ मध्ये सोमालियातल्या यादवीतून आलेल्यांसाठी उभी राहिली. ९० हजार माणसांसाठी आखलेली तात्पुरती जागा ती. तिथे जन्मलेली मुलं आता स्वतः आईबाप आहेत. तुमच्या नव्वद मिनिटांत पळण्याला साठ, समुद्राला वीस, आणि या सगळ्याला पिवळ्या उजेडाची दोन मिनिटं.

एका दिग्दर्शकाशी मी हे बोलले, तर ते म्हणाले, वाट बघणं रंगमंचावर दिसत नाही, प्रेक्षक कंटाळतो. हे मी तालवाल्यांच्या वतीनं मुळीच मानत नाही. द्रुत वाजवणं म्हणजे हाताची तयारी. अतिविलंबितात चौदा मात्रांचा झुमरा सांभाळताना दोन मात्रांमधला काळ अंगात धरून ठेवावा लागतो, आणि तो काळ ऐकणाऱ्यालाही धरायला लावावा लागतो. तिथे कंटाळा आला तर ते वाजवणाऱ्याचं अपयश, लयीचं नाही. तुम्ही आम्हाला नेहमी द्रुत मागता आणि मग प्रेक्षकाला नावं ठेवता.

शिवाय हे झालेलं आहे. नृत्यदिग्दर्शक क्रिस्टल पाइट यांनी २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेसाठी ‘फ्लाइट पॅटर्न’ केलं. छत्तीस नर्तक, अंगात लांब कोट, आणि बराचसा वेळ रांग. रांग सरकते, डुलते, पुन्हा रांग होते. एका जागी एका बाईच्या हातांवर एकामागून एक कोट पडत जातात. बुडणं न दाखवताही त्यात वजन येतं. (त्याला संगीत आहे गोरेत्स्कींच्या सिंफनीचं. तिचं दुःख पहिल्या मिनिटापासून ओथंबलेलं आहे, हे मला जरा जास्त वाटतं. पण ते माझं मत. नृत्य पाहणारे म्हणतील, तू तुझं काम कर.) आरियान म्नुश्किन यांच्या थिएत्र द्यू सोलेई या फ्रेंच नाटकमंडळीनं २००३ मध्ये निर्वासितांच्या हकीकतींवर जे मोठं नाटक केलं, त्यात सगळी पात्रं चाकं लावलेल्या छोट्या पाटांवर उभी असतात आणि दुसरे नट त्यांना ढकलत आणतात, ढकलत नेतात. पाय जमिनीला लागतच नाहीत. कापडाची खवळलेली नदीही त्या नाटकात आहे, आणि मला शंका आहे की आपल्या सगळ्यांचं कापड तिथूनच वाहत आलंय. त्यांचे पाट मात्र आपण घेतले नाहीत. कापड स्वस्त पडतं.

आणि सगळ्यात आधी जर्मन नृत्यदिग्दर्शक कुर्ट योस. १९३२ मध्ये पॅरिसला त्यांचं ‘द ग्रीन टेबल’ झालं. हिरव्या टेबलाभोवती काळ्या कपड्यांतली मुखवट्याची मंडळी वाटाघाटी करतात, मग युद्ध, आणि शेवटी पुन्हा तेच टेबल. मध्ये एक दृश्य निर्वासितांचं आहे. साथीला फक्त दोन पियानो. पुढच्याच वर्षी जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि योसना सांगण्यात आलं की कंपनीतल्या ज्यूंना काढा. या नाटकाचे संगीतकार फ्रित्झ कोहेन त्यांच्यातच. योसनी ऐकलं नाही आणि अख्खी कंपनी घेऊन देश सोडला. इंग्लंडात डार्टिंग्टनला त्यांना जागा मिळाली. निर्वासितांचं दृश्य नाचणारी माणसं वर्षभरात स्वतः तेच झाली आणि तेच दृश्य पुढे परक्या देशांत नाचत राहिली. त्या पहिल्या परक्या प्रयोगाला त्यांचे पाय कसे पडले असतील, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता माझ्या खात्याकडे, म्हणजे संगीताकडे येते.

घर सुटलेल्या माणसाला तुम्ही एकच आवाज दिला आहे, शब्दांवाचूनचा विलाप. शब्द नाहीत म्हणजे भाषा कुठली हा प्रश्न येत नाही, गायला कुणीही चालतं. पण ही माणसं आपल्या गाण्यांसकट येतात, आणि ती गाणी सगळी रडकी नसतात. लग्नाची असतात, चावट असतात, मुलं मोजायला शिकवायची असतात.

१९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्ताननं लोकांची अदलाबदल ठरवली. निकष धर्माचा. साधारण १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसकडे, साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानकडे. ग्रीसला ‘परत’ आलेल्यांतल्या कितीकांना ग्रीक येत नव्हतं, तुर्की येत होतं. उलट क्रीटहून तुर्कस्तानला गेलेले ग्रीक बोलायचे. आशिया मायनरमधून आलेल्यांनी बंदरांच्या वस्त्यांत जे वाजवलं, ते रेबेटिको या ग्रीक शहरी लोकसंगीतात मिसळलं. सभ्य माणसं त्याला नाकं मुरडायची, १९३६ नंतरच्या हुकूमशाहीनं त्यावर सेन्सॉर बसवला, आणि २०१७ मध्ये युनेस्कोनं त्याच संगीताला वारसा म्हणून यादीत घेतलं. त्यातला झेइबेकिको हा नाच नऊ मात्रांचा. एकट्यानं नाचायचा. आणि गंमत बघा: नाचणारा मधे उभा असतो, आणि भोवतीचे दोस्त गुडघे टेकून त्याला टाळ्यांचा ठेका देतात. गुडघे टेकणारे दुसरेच आहेत.

तिबेटमधून १९५९ मध्ये बाहेर पडल्यावर दलाई लामांनी ज्या अगदी पहिल्या संस्था काढल्या, त्यांतली एक संगीत, नृत्य आणि नाट्याची होती. डोक्यावर छप्पर होतं-नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. तिथे ल्हामो हे तिबेटी संगीतनाट्य शिकवतात: मुखवटे, नाच, गाणं, आणि साथीला फक्त एक ढोल आणि झांजा. खेळ दिवसभर चालतो. दोनच वाद्यांत दिवसभर! हे कळल्यापासून मी माझ्या मांडलेल्या चौदा वाद्यांकडे जरा खाली मान घालून बघते.

आणि होडी दाखवायचीच असेल, तर गारिफुना लोकांकडून शिका. १७९७ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना सेंट व्हिन्सेंट बेटावरून उचलून होंडुरासच्या किनाऱ्याजवळ रोआतान बेटावर नेऊन टाकलं. तिथून ते मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर पसरले. बेलीझमध्ये दर वर्षी १९ नोव्हेंबरला ते आपलं किनाऱ्याला लागणं स्वतः करून दाखवतात. खऱ्या होड्या, खरं पाणी, आणि होडीतच ढोल वाजत असतात. ते पोचतात ते वाजवत पोचतात. कुणाच्याही दयेचा पिवळा उजेड त्यांच्यावर पडलेला नसतो.

आमच्या बाईंच्या हकीकतीकडे परत येते, कारण मला त्यातली एक गोष्ट सोडवत नाही. १९५१ च्या करारात निर्वासिताची जी व्याख्या आहे, तिच्या मुळाशी भीती आहे: सबळ कारणांमुळे वाटणारी छळाची भीती. म्हणजे आश्रय मागणाऱ्याला टेबलापलीकडच्या अनोळखी माणसासमोर आपली भीती पटवून द्यावी लागते. फार रडली तर नाटक करतेय. अजिबात रडली नाही तर घाबरलेली दिसत नाही. तिच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग तिनं आधीच केलेला असतो, आणि प्रेक्षक एकच असतो. त्यानंतर आपण तिला तालमीच्या हॉलमध्ये बसवतो आणि म्हणतो, सांगा ना, कसं झालं सगळं? आमचं टेबल हिरवं नव्हतं एवढाच फरक.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं आहे. हकीकत मागू नका. ज्यांना सांगायची असेल त्या सांगतील. त्यांना तालमीत घ्यायचं तर कामाला घ्या: चाल बांधायला, ठेका द्यायला, नर्तकाला ‘असं नाही बसत माणूस’ म्हणायला. त्याचं मानधन आधी ठरवा, आणि पत्रिकेत त्यांना हवं असेल तर ‘आभार’ नव्हे, ‘संगीत’ किंवा ‘नृत्यरचना’ या ओळीत नाव घाला. नाव नको म्हणाल्या तर नाव नको, पैसे तरीही. त्यांचं गाणं घेतलंत तर अर्थ विचारून घ्या. एकदा आम्ही तीन प्रयोग जे ‘मायभूमीचं विरहगीत’ म्हणून वाजवलं, ते जावयाची टिंगल करणारं गाणं निघालं. पहिल्या रांगेतल्या दोघी तिन्ही वेळा हसत होत्या, आणि आम्हाला वाटलं, किती भावनाविवश झाल्यात.

बाकी प्रकाशयोजना, वेशभूषा, मळकट रंगाच्या शाली यांवर मी बोलत नाही. ज्याचं त्यानं बघावं.

तुमच्यापैकी एकांची तालीम पुढच्या महिन्यात सुरू होतेय आणि मला बोलावणं आलंय. संहितेत शेवटचं दृश्य दोन शब्दांत लिहिलंय: ‘आगमन. प्रकाश.’ माझी विनंती आहे की ते दृश्य आपण पहिल्या दिवशी बसवायला घेऊ, आणि त्याच्यापुढे काय होतं ते शोधत जाऊ. दार वाजवायचं काम माझ्याकडे द्या. कधी वाजेल ते नर्तकांना आधी सांगणार नाही.

त्या बाईंशी मी बोलले आहे. हकीकत सांगणार नाहीत, पण आठवड्यातून दोन दिवस तालमीला यायला तयार आहेत. ते दोन दिवस कुठलेही धरा. फक्त बुधवार नको. बुधवारी त्यांना कचेरीत हजेरी लावायला जावं लागतं.

तुमची,
विंगेतली तालवादक